पन्हाळ्यावरची निनावी माणसे

माझे आजोळ पन्हाळ्याच्या पायथ्याशी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात अंथरुणे पडली की आज्जीला गडावरच्या भुतांच्या गोष्टी सांगायला लावणे, हा आम्हा भावंडांचा नेम होता. दिवेलागणीनंतर चार दरवाजाच्या वाटेला जाऊ नये, अवसेच्या रात्री तेथून पलिते घेतलेली माणसे ओळीने खाली येतात आणि त्यांची पावले वाजत नाहीत, असे ती सांगे. अंधार बावेत डोकावून कोणाला हाक मारू नये, कारण आतून ‘ओ’ येते आणि ती आपल्या माणसाची नसते, असेही ती बजावून ठेवी.

अंधार बावेचे कोडे मोठेपणी उलगडले. ही आदिलशाही काळातली तीन मजली वास्तू आहे. तळाशी पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघणारी चोरवाट आणि वर पहारेकऱ्यांच्या जागा, अशी तिची रचना आहे. वेढा घालणाऱ्याला विहिरीत विष कालवून गड नमवता येऊ नये, म्हणून पाण्यावरच हा दगडी पहारा उभा केलेला होता. अशा बंदिस्त जागेत हाक घुमून परत येणारच. तरीही त्या अंधाऱ्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे पाण्याची राखण करणारे कोण होते, हे विचारले तर एकही नाव सांगता येत नाही.

याउलट 1660 च्या वेढ्याची गोष्ट पाहा. सिद्दी जौहरने मार्चपासून गड आवळून धरला होता, आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. जुलैच्या मुसळधार पावसात, 12 तारखेच्या रात्री, शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. त्यांचा वेश घेऊन पालखीत बसलेले शिवा काशिद मारले गेले आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत देह ठेवला. इतका रक्तपात होऊनही या दोघांचे भूत दिसल्याचे सांगणारे माणूस मला आजवर भेटलेले नाही. शिवा काशिदांच्या समाधीवर आमच्याकडची माणसे फुले वाहतात आणि अंधार पडल्यावरही तिच्यावरून निर्धास्तपणे जातात. ज्याचे नाव घेता येते, ज्याला हात जोडता येतात, त्याचे भय कोणाला वाटत नसावे, असे मला वाटते.

मग चार दरवाजाची ती माणसे कोण असतील? याचा विचार करताना मी दर वेळी 1844 पाशी येऊन थांबते. गडाची राखण करण्याबद्दल पिढीजात जमिनी लाभलेले गडकरी करवीर संस्थानात गडोगडी होते. इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारात या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे जाऊ लागली, तेव्हा सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि उठावाचे लोण पन्हाळ्यापर्यंत पोहोचले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावरच कोंडून ठेवण्यात आले. 1 डिसेंबर 1844 रोजी इंग्रजांनी तोफांनी तट फोडून गड घेतला. पुढे तटबंदी पाडली गेली, चार दरवाजा उद्ध्वस्त झाला आणि पिढीजात गडकऱ्यांची पद्धतच मोडीत काढण्यात आली. कर्नलचे नाव सर्वत्र नोंदलेले आहे. त्याच्यावर पहारा देणाऱ्यांची नावे मात्र आमच्या पंचक्रोशीत कोणाच्याही तोंडी नाहीत.

2025 मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा मला फार आनंद झाला. त्या आठवड्यात मी मामांबरोबर गडावर गेले होते. चार दरवाजाच्या अवशेषांपाशी इतके धुके होते की दहा पावलांवरचे माणूस दिसत नव्हते. तेथे उभी असताना आज्जीच्या गोष्टीतला एक बारकावा इतक्या वर्षांनी माझ्या ध्यानात आला. पलिते घेतलेल्या त्या माणसांनी कोणाला धरले, कोणाला झपाटले, असे तिने कधीच सांगितले नव्हते. ती माणसे फक्त गड उतरत असत. त्यांना चढताना मात्र कोणी पाहिले नव्हते.