नालबंदाच्या घरातली नखं : आमची वाटचाल

आमचे आबा नालबंद, म्हणजे घोड्या-बैलांच्या खुरांना नाल ठोकणारे. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की पेटी घेऊन तापीकाठी मुक्काम, एरवी आठवडी बाजारांतून बैलांना पत्र्या मारणं. ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले आणि पेटी माळ्यावर गेली. मी पुण्याला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये दोन वर्षं काम करून परत आलो आणि धुळ्यात, देवपुरात, एका गाळ्यात दुकान टाकलं. आंघोळ, केस, कान, नखं. फळा वाचून आमच्या मावशीने विचारलं, "कुत्रानं नख कापाना बी पैसा लेस का रे?"

लेतो. खरं सांगायचं तर दुकान तगलं ते त्या नखांवरच. आंघोळ लोक घरी घालतात, नखाला हात लावायला मात्र घाबरतात.

ती भीती खोटी नाही. नखाच्या आत रक्ताची शीर असते आणि तिच्यासोबत संवेदना असते. पहिल्याच महिन्यात एका लॅब्राडॉर कुत्र्याचं नख मी जास्त कापलं. पांढऱ्या नखात गुलाबी शीर बाहेरून दिसते; याची नखं काळीकुळीत. रक्त थांबवायची पावडर मागवली होती, पण पोचली नव्हती. आबांनी दाढीच्या डब्यातली तुरटी फोडून तिची भुकटी केली, नखावर दाबून धरली आणि थोड्या वेळाने रक्त थांबलं. मी पैसे घेतले नाहीत. ते गिऱ्हाईक परत आलं नाही ते नाहीच.

त्या रात्री आबा एवढंच म्हणाले, "नालेचा खिळा बाहेरच्या कवचातून काढायचा असतो. जिवंतात गेला की घोडा लंगडला." तेव्हापासून काळं नख आम्ही एका घावात कापत नाही. पातळ चकत्या काढतो आणि प्रत्येक चकतीनंतर समोरून बघतो. आधी आत कोरडं, पांढुरकं दिसतं. मधोमध गडद, ओलसर ठिपका आला की हात थांबतो.

2020 च्या लॉकडाऊननंतर काम वाढलं. घरोघरी पिल्लं आली होती, ती मोठी झाली टाइल्सवर. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये डांबरावर पाय ठेववत नाही, मग कुत्र्याला पहाटे नाहीतर रात्री दहा मिनिटं फिरवून आणायचं. नख झिजणार कुठे? वाढलेलं नख जमिनीला टेकतं, बोट मागे ढकलतं, कुत्रं पाय चोरून टाकतं आणि मालक म्हणतो, "वय झालं हो त्याचं." वय चार वर्षं!

अशा नखांसाठी लोक येतात आणि म्हणतात, आजच सगळं छोटं करा. इथे आमचं गिऱ्हाइकांशी वाजतं. नख लांबलं की आतली शीरही लांबते. एकदम कापलं तर रक्तच येणार. दर आठ-पंधरा दिवसांनी टोक टोक काढत गेलं की शीर हळूहळू मागे सरते. पण दर खेपेला पैसे म्हटलं की माणूस समजतो, हा धंदा करतोय. शेवटी चार खेपांचा मिळून एकच दर लावला. सुरुवातीला तोटा झाला, पण कटकट संपली.

मळ्यातल्या कुत्र्यांना आमची गरज नाही असं मला वाटायचं. साक्रीकडून एक शेतकरी दादा पिकअपमध्ये कुत्रं घालून घेऊन आले. सोळा नखं छान झिजलेली, आणि पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख गोल वळून मांसात रुतलेलं. ते नख जमिनीला टेकतच नाही, झिजणार कशाने? जखम पिकली होती. त्याला आम्ही हात लावला नाही, जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तेव्हापासून नखं मोजताना आम्ही अठरा मोजतो, सोळा नाही. काहींना मागच्या पायालाही अंगठा असतो, तोही केसांत चाचपून बघतो.

हल्ली नखं घासायचा ग्राइंडर आहे, दोन पोरं कामाला आहेत. ग्राइंडरच्या आवाजाला कुत्री बिचकतात, म्हणून पहिल्या खेपेला तो नुसता चालू ठेवतो आणि शेंगदाण्याचं कूट लावलेली चपाती चारतो. पार्लरच्या बिस्किटांपेक्षा तिच्यावर कुत्री जास्त खूश.

आबा दुकानात दाराशी खुर्ची टाकून बसतात. रस्त्यावरून घोडा गेला की सैल नाल आवाजावरून ओळखायचे, तसं आता पायरी चढून फरशीवर येणाऱ्या कुत्र्याकडे न बघताच सांगतात, "पुढचा डावा वाजतोय, तिथून धर."