41 किलो ज्वारी

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या कामात सगळ्यात वाईट. बीड जिल्ह्यात बचत गटाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. दसरा झाला की गाड्या लागतात, आणि ऊसतोडीला गेलेलं निम्मं गाव उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततं. तोवर गटातल्या अकरापैकी सात बाया कुठल्यातरी कारखान्याच्या उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत. तपासणीच्या तक्त्यात मात्र पंचसूत्रीतला, म्हणजे गटाच्या पाच नियमांतला, पहिलाच मुद्दा 'नियमित बैठक'. स्थलांतराला रकाना नाही. मग मागे राहिलेली सासू सुनेच्या नावाचे पन्नास रुपये भरते, सुनेच्या नावापुढे स्वतःचा अंगठा उठवते, आणि आम्ही सगळे तिकडे बघत नाही. वरून येणाऱ्या साहेबांनाही हे ठाऊक आहे. त्यांना रजिस्टर पूर्ण लागतं.

याच गटात गयाबाई आहेत. (नावं बदलली आहेत.) पन्नाशीच्या आतबाहेर, गुडघे गेल्यामुळे तीन वर्षांपासून तोडीला जात नाहीत. आधीच्या ताईंनी माझ्याकडे गट सोपवताना वहीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'असहकार्य'. कारण साधं. गयाबाई कुणाला जामीन राहत नाहीत. प्रत्येक बैठकीत म्हणतात, "पैसे सतरंजीवर मांडा." तीन किल्ल्यांची पेटी उघडायची, नोटा ओळीनं लावायच्या, त्या त्यांनी स्वतः मोजायच्या, मग पुढचं काम. यात वीस मिनिटं जातात. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. माझी कीर्द पैशापर्यंत जुळते, आणि ही बाई कीर्द बघतच नाही.

एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "वहीत तर आमच्या आबाचं बी समदं लिवलेलं असायचं."

त्या वयाच्या आठव्या वर्षापासून फडावर होत्या. धाकट्या भावाला कडेवर घ्यायचं, मोळ्यांना वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, बंधनं करून द्यायची. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आईबाप जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. आजारपणात खाडा पडला की उचलीवर चढायचा. हंगाम संपला की मुकादम वही उघडायचा, आणि दरसाल बाकी निघायची. ती फेडायला पुढच्या साली पुन्हा तीच गाडी. 2024च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला तेव्हा मी कौतुकानं त्यांना बातमी सांगितली. "आन् उचलीची वही?" एवढंच म्हणाल्या.

मागे एका प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की लहानपणी हाल काढलेली माणसं उद्याचा विचार करत नाहीत, हाताशी आलेलं सोडत नाहीत, म्हणून गटात टिकत नाहीत. मीही मान डोलावली होती. सांगणारे गृहस्थ एसी हॉलमधून थेट गाडीत बसून गेले.

तर त्या दिवशीची बैठक. सविताचा 20,000 रुपयांचा कर्जमागणी अर्ज होता. नवऱ्याच्या कमरेचं दुखणं, दवाखाना, आणि यंदा तिला एकटीला अर्धा कोयता म्हणून जायचं होतं. खरं सांगते, ठराव मी आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता. सह्याच बाकी होत्या. दोन रुपये शेकडा, परतफेड हंगामानंतर. नोटा मांडून झाल्या आणि गयाबाईंनी विचारलं,

"थोरलीला संगं नेणार का?"

थोरली बारा वर्षांची, सातवीत. सविता म्हणाली, "न्यावंच लागंल मावशी. बारक्याला कोण बघंल? मोळ्या कोण देईल?"

"मग माझी सही न्हाई."

गलका झाला. अध्यक्षबाई चिडल्या. पेन्सिलीनं लिहिलेला शब्द माझ्याही मनात येऊन गेला. गयाबाई शांतपणे म्हणाल्या, "पोरीला माझ्यापाशी ठेव, साळंत जाईल. मग घे पैसे. मी बी जामीन ऱ्हाते."

कुणाला वाटेल, इथं सगळ्यांचे डोळे पाणावले. तसं काही झालं नाही. सविता उभी राहिली आणि फाडकन बोलली, "फुकट भांडी घासाया पायजेल का तुमाला माझी पोर?"

सतरंजीवरच्या नोटा तशाच. मी पंख्याकडे बघत बसले. दहा वर्षांच्या नोकरीत अशा वेळी काय बोलायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

नंतर घरी जाताना लक्षात आलं, सविताही कोपीतच वाढलेली. तिच्या आयुष्यात आगाऊ हातात पडलेली प्रत्येक गोष्ट उचल होती, आणि प्रत्येक उचल अंगातून वसूल झाली होती. कुणी फुकट काही देतो म्हटलं की ती आधी वही कुठं आहे ते शोधणार. गयाबाई तरी दुसरं काय करतात? आम्ही गटात देणाऱ्याचीच परीक्षा घेतो: बचत भरली का, जामीन राहिली का. घेणंही कुणाला इतकं जड जात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझे वडील शिक्षक. मामाच्या घरी राहून शिकले, पण कधी हिशेब मांडला नाही, कारण मामा तो मांडणार नाही याची खात्री होती. ही खात्री म्हणजेच पैसा, असं आता वाटतं. पण हेही मला पूर्ण पटलेलं नाही. त्याच गटात कोपीतच वाढलेली तिसरी एक बाई आहे, ती मागेल त्याला देते आणि बुडते.

तोडीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाचं मी विचारून पाहिलं. मंजुरी यायची होती. ती दरवर्षी गाड्या गेल्यावरच येते.

गाडी लागली त्या पहाटे मी मुद्दाम गावात गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, पत्र्याची पेटी. सविता बारक्याला कडेवर घेऊन आली. मागं थोरली, दप्तर पाठीला. तिच्या मागं सविताचा दीर, डोक्यावर पोतं. त्यानं ते गयाबाईंच्या ओट्यावर टाकलं.

"पोरीचं खाणं," सविता म्हणाली. "उपकार नगं."

मला वाटलं, गयाबाई म्हणतील, अगं राहू दे. त्या आत गेल्या आणि शेजारच्या दुकानदाराचा तराजू घेऊन बाहेर आल्या. मागं ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी पोतं सोडलं, ज्वारी घमेल्यानं काढली, पाच-पाच किलो करून सगळ्यांच्या देखत मोजली. सविता एकेक माप बोटावर मोजत उभी. तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झालेला दिसला.

"41 किलो," गयाबाई म्हणाल्या. "ताई, लिवा."

माझ्या हातात गटाचंच रजिस्टर होतं. बचत, कर्ज, व्याज, दंड, एवढेच रकाने. मी शेवटचं कोरं पान काढलं, तारीख टाकली, लिहिलं. सवितानं सही केली. गयाबाईंनी अंगठा उठवायच्या आधी थोरलीला हाक मारली आणि म्हणाल्या, "वाच गं, काय लिवलंय ते."