एकदा नाकारलेला आश्रय-अर्ज पुन्हा आला तर

शिवाजीनगरच्या न्यायालयात जामिनाचा दुसरा अर्ज घेऊन उभे राहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागचा अर्ज फेटाळल्यानंतर परिस्थितीत काय बदल झाला? आश्रयाचा अर्ज नाकारला गेलेला माणूस पुन्हा अर्ज करतो तेव्हा जगातील अनेक देश जवळपास हेच विचारतात. मात्र आश्रय चुकून नाकारला गेला, तर माणूस ज्यांच्या भीतीने पळाला त्यांच्याच हाती परत जाऊ शकतो आणि ती चूक पुढे कोणत्याही अपिलात दुरुस्त होत नाही. दिवाणी दाव्यात आपण ज्या खात्रीने प्राङ्न्यायाचा, म्हणजे एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा उकरता येत नाही या तत्त्वाचा, आधार घेतो, तेवढ्या खात्रीने तो येथे घेता येत नाही, याचे कारण हेच.

ब्रिटनमध्ये इमिग्रेशन नियम ३५३ नुसार नवी माहिती आधी विचारात घेतलेली नसावी लागते आणि जुन्या कागदांसह वाचल्यास यशाची वास्तव शक्यता निर्माण व्हावी लागते. तरच गृहखाते तिला नवा दावा मानते. कॅनडात एकदा फेटाळलेला निर्वासितत्वाचा दावा पुन्हा करताच येत नाही. त्याऐवजी हद्दपारीपूर्वी धोक्याचे मूल्यांकन मागता येते, तेही सर्वसाधारणपणे बारा महिने थांबून आणि मुख्यतः नकारानंतरच्या पुराव्यावर. ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर कायद्याचे कलम ४८अ तर देशात असेपर्यंत दुसऱ्या अर्जाला मनाईच करते. ती उठवण्याचा अधिकार मंत्र्यांना व्यक्तिशः आहे, पण तो वापरण्याचा विचार करण्याचेही बंधन त्यांच्यावर नाही. माझ्या मते ही कार्यपद्धती नव्हे, ही मेहेरबानी आहे.

युरोपीय संघाच्या आश्रय-प्रक्रियेविषयीच्या २०१३ च्या निर्देशाने आधी प्राथमिक तपासणी आणि नवे मुद्दे आढळले तरच पुढची सखोल चौकशी, अशी दोन टप्प्यांची रचना घालून दिली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, त्यानंतर आधी नाकारल्या गेलेल्या अफगाण अर्जदारांची परिस्थिती बदलली हे कोणालाही पटावे. खरा पेच पडतो तो आधीपासून असलेली, पण आधी न सांगितलेली गोष्ट पुढे येते तेव्हा. ऑस्ट्रियात २०१५ मध्ये अर्ज केलेल्या एका इराकी पुरुषाने आधी शिया सशस्त्र गटांची भीती सांगितली. तो अर्ज फेटाळल्यानंतर, आपण समलिंगी आहोत आणि हे बोलले तरी जिवाला धोका नाही हे ऑस्ट्रियात आल्यावरच कळले, असे त्याने सांगितले. सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की पहिल्या निर्णयापूर्वी अस्तित्वात असलेली पण न मांडलेली बाबही नवीन ठरू शकते आणि अशा अर्जाला मुदतीची अट घालता येत नाही. त्याच वर्षी जून महिन्यात, नेदरलँड्समधील एका अफगाण अर्जदाराच्या प्रकरणात, केवळ अस्सलपणा सिद्ध होत नाही म्हणून कागदपत्रे आपोआप बाजूला सारता येणार नाहीत, असेही याच न्यायालयाने सांगितले होते.

पुण्यात पदवी घेऊन पुढे जर्मनीत गेलेल्या एका अफगाण तरुणाने आपल्या नकाराच्या आदेशाचा अनुवाद मला वाचायला पाठवला होता. त्याला धमकी मिळाल्याची घटना एका ठिकाणी ऑक्टोबरमध्ये, तर दुसऱ्या ठिकाणी नोव्हेंबरमध्ये नोंदली गेली होती आणि या विसंगतीवरून त्याचे कथन अविश्वसनीय ठरवले होते. त्याने दोन्ही वेळा अकरब महिनाच सांगितला होता. हा अफगाण सौर महिना साधारण २३ ऑक्टोबरला सुरू होऊन २१ नोव्हेंबरच्या आसपास संपतो, त्यामुळे दोन्ही नोंदी एकाच महिन्यात बसतात. आता हे स्पष्टीकरण नवे म्हणायचे का? काटेकोरपणे पाहिले तर नाही, कारण महिन्याचे नाव पहिल्या फाइलीतच होते आणि आक्षेप अपिलात घ्यायला हवा होता. मुद्दा तपासला गेला आहे का, हे न पाहता तो कधी घडला एवढेच विचारणारी कसोटी अशा माणसाला बाहेरच ठेवते. माझा आक्षेप आहे तो याच ठिकाणी.

अर्थात निव्वळ हद्दपारी लांबवण्यासाठी अर्जामागून अर्ज टाकणारेही असतात आणि त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी पूर्ण सुनावणी घ्यावी, असे मी म्हणणार नाही. म्हणूनच त्या निर्देशाने, केवळ अडथळा आणण्यासाठी केलेल्या किंवा वारंवार केलेल्या अर्जांच्या बाबतीत, देशात राहू देण्याचे बंधन सैल केले. चाळणी असायला हरकत नाही. तिची छिद्रे किती बारीक असावीत, एवढाच वाद आहे.

आपल्याकडे हा वाद घालायला कायदाच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या एखाद्या अफगाण विद्यार्थ्याला परत जाणे अशक्य झाले, तर त्याला दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडेच अर्ज करावा लागतो. तेथे नकारावर अपील करता येते आणि परिस्थिती बदलल्यास बंद झालेली फाइल पुन्हा उघडण्याची विनंतीही करता येते, पण ही सारी त्या संस्थेची अंतर्गत पद्धत आहे. परदेशी नागरिकालाही जीविताचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात मान्य केले. त्यामुळे हद्दपारीची वेळ आली तर राज्यघटनेच्या कलम २१ चा आधार घेऊन उच्च न्यायालयात रिट दाखल करता येते, मात्र तेथे न्यायालयापुढे प्रश्न असतो तो हद्दपारीचा. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने काय नवे सांगितले होते, हे ठरवून तपासणारा कोणताही टप्पा आपल्या कायद्यात नाही.