हडपसर गेलं

मंगळवारी रात्री ११.४० ला ग्रुपवर दोनच शब्द पडले. ‘हडपसर गेलं.’

बाहेरच्या कुणी वाचलं तर छातीत धस्स व्हायचं. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की हडपसरच्या घरच्या डिशचा सिग्नल गेला. मी उठले, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे ओढले, कुरडयांचं ताट आत घेतलं (ते रात्री बाहेर का होतं, विचारू नका) आणि आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत डोकावले. त्या साडेअकराच्या रिपीटला बसल्या होत्या. सून दाराआडून कुणाचा तरी फोन ऐकत होती. मालिकेतली सून, मी नव्हे.

“आई, पंधरा-वीस मिनिटं आहेत तुमच्याकडे.”

“पाऊस?”

“हडपसर गेलं.”

“मग पुरतील,” म्हणाल्या. “ती आता सापडतेच.”

या ग्रुपमधल्या माणसांना मी प्रत्यक्षात दोनदा भेटले असेन. २०१९च्या विश्वचषकाच्या वेळी कुणीतरी कुणाला तरी जोडत गेलं. उपांत्य सामन्यात मँचेस्टरला न्यूझीलंड ४६.१ षटकांत ५ बाद २११ वर असताना पाऊस आला, आणि आम्ही अनोळखी माणसं रात्री उशिरापर्यंत झाकलेलं पिच बघत एकमेकांशी बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी आपण १८ धावांनी हरलो. ग्रुप काही कुणी मोडला नाही. नावं लक्षात राहीनात म्हणून भागावरून हाका सुरू झाल्या त्या कायमच्या. मी सहकारनगर. हडपसर टीव्ही आणि डिश दुरुस्त करतो. बाणेर आयटीत आहे, सगळं ब्रॉडबँडवर बघते आणि आम्हाला पुराणवस्तू म्हणते. कोथरूडकाका शिमला ऑफिसातून निवृत्त झाले. (हवामान खातं १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं आणि येताना शिमला नाव घेऊन आलं. अजून बसचा कंडक्टर तसंच ओरडतो.) काका तिथे हिशेबाच्या टेबलावर होते, पण आम्ही पाऊस त्यांनाच विचारतो आणि तेही बिनदिक्कत सांगतात.

डिशचं गणित मात्र हडपसरचं. त्याने एकदा मला फोनवर अर्धा तास समजावलं होतं. उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटरवर. तिथून निघालेला सिग्नल सगळं अंतर झोकात येतो आणि शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये, जिथे पाण्याचे थेंब असतात, तिथे मार खातो. “म्हणजे कसं ताई, मुंबईहून दोन तासांत आलेला माणूस चांदणी चौकात तासभर अडकायचा, तसं.” डिशच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, टपोऱ्या थेंबाच्या मापाच्या जवळपास जाणारी. थेंब ती शोषतो, इकडे-तिकडे उडवतो. जुन्या दूरदर्शनच्या लहरी मीटरांत मोजायच्या, त्यांना पावसाचं सोयरसुतक नव्हतं.

आता खरी गंमत. पुण्यातल्या डिशा आग्नेयेकडे तोंड करून असतात आणि चांगल्याच वर बघतात. त्यामुळे त्यांची नजर पावसाच्या ढगातून जाते ती आपल्या घरापासून दोन-तीन किलोमीटर पुढे. उन्हाळ्यातला वळीव पूर्वेकडून, आग्नेयेकडून चालत आला, की आपल्या डोक्यावर चांदण्या असतानाच टीव्हीवर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ झळकतं. थेंब पडतो पाच-सात मिनिटांनी. आधी हडपसर जातं, मग मी, मग काका. तिघांच्या वेळा जुळवल्या तर ढगाचा वेगही निघतो. काकांनी वहीत काढून ठेवलाय, तासाला वीस ते तीस किलोमीटर. हिशेबाचा माणूस.

आमच्या लहानपणी नारायण पेठेत सगळ्या अँटेना नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे बघत. १९७३ साली गडावरून प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हापासून. पाऊस त्यांना काही करायचा नाही, वारा करायचा. पहिल्या वादळात दांडी फिरली, की बाबा कौलांवर, दादा जिन्यात आणि मी टीव्हीसमोर. “आलं का?” “आलं! … गेलं!” दादा मधला, तो निरोप पोचवायचा आणि त्यात आपल्या मनाचं घालायचा. एका रविवारी माझं “आलं” त्याने वर “अजून डावीकडे” असं सांगितलं, केवळ बाबा आणखी थोडे भिजावेत म्हणून. हे त्याने पन्नाशी झाल्यावर कबूल केलं.

तर, ११.५८ ला माझं गेलं. सुनेचा हात दाराच्या कडीवर, चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला आणि पडदा निळा. मी ग्रुपवर टाकलं, ‘सहकारनगर गेलं.’

बाणेरचा नेहमीचा टोमणा आला, ‘माझ्याकडे फोर के मध्ये चालू आहे हं.’

दापोली जागी होती. ती आमच्या पुणेरी पावसाला पाऊस मानत नाही. ‘एवढ्याला तुम्ही पाऊस म्हणता?’ विचारते. तिला बोलायचा हक्क आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तिच्याकडे लाइट यायला कित्येक आठवडे गेले, आणि घरची डिश सापडली ती शेजाऱ्यांच्या पोफळीच्या बागेत, आडव्या झालेल्या झाडांखाली. पुण्यातही त्या दिवशी झाडं पडली होती. आम्ही त्यांचे फोटो ग्रुपवर टाकत होतो. तिचा शब्द नाही. नवव्या दिवशी ‘आहोत’ एवढाच मेसेज आला.

बारा वाजून पाच मिनिटं झाली नव्हती तेवढ्यात वारा सुटला. गुलमोहर पार वाकला, खालच्या गाड्यांचे अलार्म एकदम ओरडायला लागले आणि गॅलरीच्या पत्र्यावर कुणी मूठमूठ खडी टाकावी तशा गारा. बोरांएवढ्या. आई पलंगावरून म्हणाल्या, “वेच चार, फ्रीजात ठेव.” कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. वेचायला वाकले आणि लाइट गेली. बाणेरचीही गेली असावी, फोर केचं पुढे काही आलं नाही.

१२.१४, काका : ‘कोथरूड गेले.’ काका पूर्णविराम देतात.

एरवी यानंतर आमची रात्र रंगते. कुणाचा इन्व्हर्टर किती टिकतो, मालिकेतली माणसं झोपतानाही दागिने का घालतात, वगैरे. त्या रात्री मात्र सव्वाबाराला अरण्येश्वर ‘टायपिंग’ दिसायला लागला, आणि सगळे गप्प झाले.

तो आता उंड्रीला राहतो. आम्ही नाव बदललं नाही, त्यानेही सांगितलं नाही. २५ सप्टेंबर २०१९. ग्रुप जेमतेम अडीच महिन्यांचा होता. रात्री कात्रजच्या बाजूला ढग अक्षरशः रिते झाले. आम्ही कुणाकुणाची डिश गेली ते मोजत होतो. अरण्येश्वरने लिहिलं, ‘पार्किंगमध्ये पाणी आलंय.’ मी त्याला हसरा चेहरा पाठवला. होडी सोड, असंही लिहिलं. तो मेसेज मी अजून पुसलेला नाही, पुसता येतो तरी. आंबिल ओढा त्या रात्री भिंती घेऊन गेला, गाड्या घेऊन गेला, त्या पावसात वीसहून जास्त माणसं गेली. आमचं घर ओढ्याच्याच अंगाला, पण चढावर. मला फक्त आवाज येत होता आणि तो पावसाचाच वाटत होता. तीन वाजता त्याचा मेसेज आला, ‘गच्चीवर आहोत. सगळे.’

सकाळी आईंनी ऐकलं तेव्हा त्या टीव्ही बंद करून बसल्या. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ला, त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, “पाणी आलं म्हणून ओरडणारा माणूस पाण्याच्या पुढे दहा पावलं असतो.”

तर परवा तो टाईप करत होता. खूप वेळ. मग आलं, ‘सहकारनगर, ओढ्याला पाणी किती आहे?’

एक वळीव. अर्ध्या तासाचा. काही होणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी छत्री घेतली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि तीन मजले उतरले. खाली वॉचमनकाका गारांचा ढीग पायाने सारत होते. “ओढा बघायचाय,” म्हटल्यावर त्यांनी का असं विचारलं नाही, काठी घेऊन बरोबर आले. पुलावरून टॉर्च मारला. प्लास्टिक वाहत होतं, एक खुर्ची अडकली होती, पाणी गढूळ आणि पुलाच्या कितीतरी खाली. फोटो काढला तर काळाकुट्ट आला. तोच पाठवला. खाली लिहिलं, ‘गुडघ्याएवढंही नाही. वाहतंय नीट.’

दोन निळ्या खुणा. ‘बरं. झोपतो.’

वर आले तर आई अंधारात बसलेल्या.

“काय झालं तिचं?”

मला वाटलं ओढ्याचं विचारताहेत. मग लक्षात आलं. ग्रुपवर विचारलं. बाणेरने लाइट जायच्या आत बघून घेतलं होतं. ‘सापडली नाही,’ तिने लिहिलं. ‘मांजर आडवं गेलं, सगळे तिकडे बघायला लागले आणि एपिसोड संपला.’

मी आईंना वाचून दाखवलं.

“मांजर!” म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.