शिगम्याच्या रात्रीसाठी घेतलेला कॅमेरा

दिवसाउजेडी माझ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. ३० पट झूम, पँटच्या खिशात मावणारा, करमळीच्या तळ्यावरच्या अडया (शीळ घालणारी रानबदकं) बांधावर उभ्या उभ्या टिपणारा. तक्रार सगळी सूर्यास्तानंतरची. आणि गोव्यात बघण्यासारखं बरंचसं सुरूच होतं सूर्यास्तानंतर. शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या शिमग्यात, फोंड्याच्या रस्त्यावर ढोल-ताशांवर नाचत जाणारे रोमटामेळ, साखळीजवळच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत उतरणाऱ्या नौका, देवळाच्या प्राकारात पहाटेपर्यंत रंगणारा दशावतार. तिथे कॉम्पॅक्टमधून निघायचं ते रंगीत रवा सांडल्यासारखं काहीतरी.

म्हणून नवा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. ‘मोबाईल असताना कॅमेरा कशाला?’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला. मोबाईल रात्री चांगला फोटो काढतो, हे खरंच आहे. पण तो पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्यांची बेरीज करतो. उभी समई त्याला छान जमते. ढोलावर पडणारा हात मात्र त्या बेरजेत पुसला जातो, आणि मला नेमका तो हात हवा होता.

मूळ अडचण सेन्सरच्या, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणाऱ्या चिपच्या, आकाराची. माझ्यासारख्या लांब झूमच्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी असतो. लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या कॅननच्या एपीएस-सी सेन्सरचं माप २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ बारा पट. मेगापिक्सेलचा आकडा दोन्हीकडे सारखा असला तरी उजेड गोळा करणारं अंगण कुठलं मोठं, हे सांगायला नको.

म्हापशाला लग्नांचे फोटो काढणारा माझा एक मित्र आहे. ‘कुठली बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेऊ?’ असं त्याला विचारलं तर तो म्हणाला, “बॉडीचं मागाहून बघू रे. तू किती लांबून आणि कसल्या उजेडात काढणार, ते सांग आधी.” मी म्हटलं, रस्त्याच्या कडेला उभा राहून, नाचणाऱ्यांपासून तीन-चार मीटरवरून, रात्री. “मग तुला ५० मिमी एफ/१.८ पाहिजे. ती जिला बसेल ती बॉडी घे.” ५० मिमी हा लेन्सचा पल्ला, एफ/१.८ हे तिचं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. एवढ्यावर निम्मी निवड उरकली.

उरलेली निम्मी पणजीत, अठरा जून रस्त्याच्या आसपासच्या दुकानांतून हिंडताना झाली. एका विक्रेत्याने सवलतीतला डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या घडणीचा कॅमेरा) गळ्यात मारायचा खूप प्रयत्न केला. स्वस्त होता, वाईटही नव्हता. पण कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यांच्या नव्या लेन्स मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी येतात. दुसऱ्या ठिकाणी बिलाशिवायचा ‘इंपोर्टेड’ माल पुढे आला. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेवढा वाचवण्यासाठी भारतातली वॉरंटी सोडून देणं मला पटेना. दोन-तीन मॉडेलं हातात धरून पाहिली आणि एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅनन आर५० घेतला. २०२३ चं मॉडेल, बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम. निकॉनची पकड मला जास्त आवडली होती, खोटं कशाला सांगू. पण मित्राच्या कपाटात जुन्या कॅनन लेन्स पडून होत्या, आणि त्या नव्या बॉडीवर चालतात. लेन्स जिथे बसते त्या कड्याचं, म्हणजे माउंटचं, सेन्सरपासूनचं अंतर जुन्या ईएफमध्ये ४४ मिमी, नव्या आरएफमध्ये २०. मधले २४ मिमी भरून काढणारी नळी म्हणजे अडॅप्टर. आत काच नाही, त्यामुळे फोटोचा दर्जा उतरत नाही.

सोबत आलेली १८-४५ मिमीची किट लेन्स दिवसासाठी ठीक आहे. झूम पूर्ण वाढवला की तिचं छिद्र एफ/६.३ पर्यंतच उघडतं. ५० मिमीचं एफ/१.८ त्याच्या बारा पट उजेड आत घेतं. आकडा योगायोगाने सेन्सरचाच आला, पण रस्त्यावर फरक डोळ्यांना दिसतो. फोंड्याच्या शिगम्यात मी शटर १/२५० सेकंदाला बांधलं, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास. उंचावलेला ध्वज आणि ढोलावरची टिपरी दोन्ही जागच्या जागी थांबली.

याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. एफ/१.८ ला तीन मीटरवरच्या माणसाच्या आगेमागे मिळून जेमतेम वीतभर भाग स्पष्ट येतो. कॉम्पॅक्टमध्ये समोरचा नाचणारा आणि मागचा चणेवाला दोघेही सारखेच स्पष्ट, त्यामुळे ही चिंताच नसते. डोळा शोधणारा ऑटोफोकस मोठी मदत करतो. फक्त नाचणाऱ्याने पाठ फिरवली की कॅमेरा मागच्या शुभेच्छांच्या बॅनरवरचा एखादा हात जोडलेला पुढारी पकडतो. आमच्याकडे बॅनर नसलेला उत्सव कुठून आणायचा? शेवटी फोकसचा चौकोन हाताने ठेवायला शिकलो.

दुसरी गंमत एलईडीची. मंचावर काढलेल्या काही फोटोंत आडवे काळपट पट्टे येत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० ला आणलं की बहुतेकदा पट्टे जातात. दशावतारात राजा सिंहासनावर बसून लांबलचक संवाद म्हणत असला की १/१०० पुरतं. युद्ध सुरू झालं की पुरत नाही. तेव्हा मेनूतलं अँटी-फ्लिकर, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्याशी शटरचा मेळ घालणारी सोय, चालू करायची. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात टाळलेलंच बरं, त्यात पट्टे जास्त उमटतात.

आणि झूम? तो गेला. कॉम्पॅक्टची ३० पट म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या हिशोबात २४ ते ७२० मिमी. एपीएस-सी सेन्सर त्या फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे लेन्सचा पल्ला १.६ पट वाटतो; तरी ७२० गाठायला ४५० मिमीची लेन्स लागते. तिचं वजन आणि दर बघून मी कॅटलॉग मिटला. मित्राची जुनी ५५-२५० अडॅप्टरवर लावली तर त्याच हिशोबात ४०० पर्यंत पोचतो. बगळ्याला पुरे, पाण्याच्या मधोमध बसलेल्या अडईला नाही. म्हणून करमळीला जाताना आजही कॉम्पॅक्टच नेतो. तो विकून टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता.

इथल्या पावसाळ्याचा विचार मात्र कॅमेरा घेतानाच करायला हवा. जून ते सप्टेंबर कपाटातले चामड्याचे पट्टेसुद्धा पांढरे पडतात, लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला कितीसा वेळ लागणार! मी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घेतला. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून परत कोरडे करायचे. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू देतो, नाहीतर काचेवर लगेच दव धरतं. आणि लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली. शिगम्यात गुलाल उडत असताना तर मी लेन्स बदलतच नाही; जी लावून निघालो तीच घरी येईपर्यंत.