प्रजातीचा रकाना

विहिरीतून जाळीने वर काढलेलं जनावर आमच्याकडे लांडगा म्हणूनच आलं. सासवडकडचा लांडग्यांचा माळ, शंका कोण घेणार? बघ्यांतला एक धनगर तेवढा म्हणाला, "ह्यो निव्वळ लांडगा न्हाय, डाक्टर. कुत्र्याचं रगात हाय ह्यात." वनखात्याच्या गार्डने त्याला गप्प केलं. ज्याची मेंढरं रोज लांडगा उचलतो त्याचं आपण ऐकत नाही, हे नेहमीचंच.

भूल चढल्यावर नीट पाहिलं. लांब पाय, अरुंद छाती, पिवळे डोळे. पण अंगाचा रंग राखी-तपकिरी नाही, फिका पिवळा. आणि मागच्या दोन्ही पायांना आतल्या अंगाला लोंबतं जादा नख! लांडग्याला ते पुढच्या पायांनाच असतं. मागे दिसलं की घराण्यात कुत्रा आलाच.

रक्ताचा अहवाल आला: कॅनिस लुपस पॅलिपस, भारतीय लांडगा. साहेब खूश. मी चाचणीचा प्रकार पाहिला, तर फक्त मायटोकाँड्रियल डीएनए. तो येतो निव्वळ आईकडून. अशा संकरात बहुतेक वेळा आई लांडगीण, बाप गावकुत्रा. मग चाचणी लांडगाच म्हणणार. बाप शोधायचा तर पेशीच्या केंद्रकातला डीएनए वाचावा लागतो. पुण्याजवळच्या संकराचा पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही जनुकसंच वाचूनच.

लांडगा म्हटलं की वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची एक, म्हणजे परत माळावर सोडा. लांडगा-कुत्रा दोघांचीही गुणसूत्रं ७८, संकराच्या पिल्लांनाही पिल्लं होतात; म्हणजे कुत्र्याचे जनुक आपणच लांडग्यांत सोडायचे. कुत्रा म्हटलं तर नसबंदी, रेबीजची लस आणि पुन्हा गावात. युरोपात लांडग्याशी संकर करून काढलेल्या चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉगला एफसीआयने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ३३२ क्रमांक दिला आणि तो रीतसर कुत्रा झाला. इथे मेलेल्या कोंबड्या शेडमागे फेकून आपणच दोघांना एका उकिरड्यावर आणतो, त्या पिल्लाला क्रमांक कोण देणार?

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत संकराला स्वतंत्र नाव मिळत नाही. दोन्ही नावं लिहून मध्ये × टाकतात. मी केस पेपरवर तसंच लिहिलं, केंद्रकीय चाचणीची मागणी जोडली आणि तोवर जनावर सोडायला नकार दिला. कार्यालयातून विचारणा आली: प्रजातीच्या रकान्यात फुली मारली आहे, नोंद रद्द समजायची का?