कट्यारीचं वय आणि तीनदा परत आलेले फोटो

कट्यार कुठली, किती जुनी, हे सांगायला जाणकाराला दहा मिनिटं पुरली. त्याआधीचे दोन महिने फोटोंनी खाल्ले. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण ‘फोटो अस्पष्ट’ एवढ्याच शेऱ्यावर कट्यार तपासून घ्यायचा माझा अर्ज तीनदा परत आला. काय अस्पष्ट, ते कुणी सांगेना.

तर ऐका. अख्ख्या कट्यारीचा देखणा फोटो एकटा बिनकामाचा. बघणाऱ्याला हवा असतो सांधा, म्हणजे पातं मुठीला मिळतं ती जागा. उत्तरेकडच्या कट्यारींत पातं-मूठ बहुधा तापवून एकजीव केलेली असते. दख्खन-दक्षिणेकडच्या अनेक कट्यारींत मुठीच्या पट्ट्यांमध्ये पातं धरून रिव्हेट ठोकलेले, आणि ते पातं कित्येकदा जुन्या युरोपियन तलवारीचा तुकडा! म्हणजे पात्याचं वय वेगळं, मुठीचं वेगळं. म्हणून सांधा दोन्ही बाजूंनी घ्या, रिव्हेटचं डोकं जवळून, मुठीतल्या आडव्या दांड्यांची आतली बाजू, टोक (चिलखत भेदायला ते जाड ठेवत) आणि जाडी दिसेल असं कडेवरून पातं. शेजारी सेंटिमीटरची पट्टी हवीच. माझे पहिले दोन अर्ज बहुतेक ती नव्हती म्हणूनच गेले. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पोलादावरचा जौहर, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, चमकेत हरवतो. सकाळी खिडकीशी, तिरप्या उजेडात घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणूनच.

हो, आणि फोटोआधी घासू नका. चिंच नाही, पितांबरी नाही, सराफ बाजारात पॉलिशलाही नाही. काळपट तपकिरी थर हाच पुरावा. सगळीकडे सारखा नारिंगी गंज दिसला तर तो ॲसिडने आणलेला असू शकतो. ग्राइंडरच्या समांतर रेघा किंवा वेल्डिंगचा ओघळ दिसला तर काम अलीकडचं. सोन्याची कोफ्तगिरी (पोलादावर चिरा पाडून त्यात सोनं ठोकून केलेली नक्षी) भिंगातून पाहा: सोनं झिजलंय तिथे खाली आडव्या-उभ्या बारीक चिरा दिसायला हव्यात. नुसता मुलामा असेल तर त्या नसतात.

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या संशोधन संस्थेकडे धावू नका, तिचा विषय नाणी.

पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र नियमांच्या यादीत येतं. दाखवायला एसटीत घालून नेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. वस्तू 100 वर्षांची भरली तर 1972 च्या कायद्याने ती पुरावस्तू, परदेशी भाच्याला भेट पाठवता येत नाही.